हेक्टरपुराण

रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी गेल्या शतकात बनवलेली जुनी टेलिफोटो लेन्स ही वस्तू दूरचे जवळ आणण्याच्या हेतूने जन्माला आली असली, तरी तिच्या मालकांची घरे बारकाईने पाहिली असता तिने जवळच्यांना दूर नेण्याचे काम अधिक सातत्याने केल्याचे आढळते. अशी लेन्स बाळगणारा गृहस्थ सामान्यतः पन्नाशी ओलांडलेला, नोकरीत फारसे काही बिघडवू न शकलेला आणि घरच्या बारशा-मुंजींचे सगळे फोटो खिशातल्या फोनने काढणारा असतो. लेन्स मात्र तो जुन्या पंचाच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवतो, रविवारी सकाळी बाहेर काढतो, तिचे कडे दोन वेळा फिरवतो, दिव्यासमोर धरून एक डोळा मिटून तिच्या आत पाहतो, सुस्कारा सोडतो आणि ती पुन्हा गुंडाळून ठेवतो. या विधीला छायाचित्रण म्हणतात अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. प्रस्तुत लेखक हा या वर्गाचा केवळ अभ्यासक नसून त्याचा एक नमुनाही आहे, हे वाचकांपासून लपवून ठेवणे संशोधनाच्या शिस्तीला धरून होणार नाही.

विषय नीट कळण्यासाठी रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक, कसा चालतो हे पाहणे आवश्यक आहे. या जातीच्या कॅमेऱ्यात छायाचित्रकार लेन्समधून पाहतच नाही. लेन्स एकीकडे, पाहण्याची खिडकी दुसरीकडे, आणि त्यांचे आपसातले बोलणे आतल्या एका लहानशा दांड्यामार्फत, एकाच घरात अबोला धरलेल्या जावांप्रमाणे चालते. कॅमेऱ्याच्या कपाळावर एकमेकांपासून काही अंतरावर दोन झरोके असतात व त्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा डोळ्याला एकीवर एक दिसतात. लेन्सचे कडे फिरवले की दांडा सरकतो, दांड्याने आतला आरसा किंवा लोलक केसभर वळतो, आणि दोन्ही प्रतिमा तंतोतंत जुळल्या की लेन्स त्या वस्तूवर बरोबर लागली असे मानले जाते. ‘मानले जाते’ हा शब्दप्रयोग येथे जाणीवपूर्वक केला आहे.

जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला लायका कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत प्रथम लोकांसमोर आला, तेव्हा त्यात अंतरमापक नव्हताच. अंतर नजरेने अजमावून लेन्सवर लावायचे, अशी सोपी व्यवस्था होती आणि फोटो बिघडला तर दोष नजरेला देता येत असे. १९३२ साली लायकाच्या दुसऱ्या आवृत्तीत लेन्सला जोडलेला अंतरमापक आला, त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या झाइस इकॉनने काँटॅक्स हा प्रतिस्पर्धी बाजारात उतरवला, आणि दोष देण्यासाठी माणसाला प्रथमच एक यंत्र मिळाले. दोन झरोक्यांमधील अंतर जितके अधिक तितके हे मापन अचूक होते. काँटॅक्सवाल्यांनी ते ऐसपैस ठेवले. लायकाच्या त्या काळच्या कॅमेऱ्यांत मात्र ते चार सेंटिमीटरही भरत नव्हते, म्हणजे माणसाच्या दोन डोळ्यांत जेवढे अंतर निसर्गाने आवश्यक मानले त्याहूनही कमी.

पन्नास मिलिमीटरच्या नेहमीच्या लेन्ससाठी हा संसार सुखाचा असतो. लांब लेन्स आली की कुरबुरी सुरू होतात. नाभीय अंतर, म्हणजे रोजच्या बोलण्यातली फोकल लेंथ, जितके जास्त तितकी वस्तू मोठी दिसते, आणि स्पष्टतेचा पट्टा, म्हणजे ज्या खोलीपर्यंत चित्र रेखीव राहते ती खोली, तितकीच आकसते. १३५ मि.मी.ची लेन्स एफ/४.५ इतकी पूर्ण उघडून दीड मीटरवरच्या चेहऱ्यावर लावली, तर हा पट्टा साधारण तीन सेंटिमीटरांचा उरतो. नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंतचे अंतरही सुमारे तेवढेच असल्यामुळे एकाला न्याय दिला की दुसऱ्यावर अन्याय होतो. प्रस्तुत लेखकाने आपल्या मावसोबांच्या एकसष्टीला काढलेल्या व्यक्तिचित्रात त्यांच्या डाव्या कानातील केस एकेक मोजता येतात. चेहरा मात्र पहाटेच्या धुक्यातील एखाद्या टेकडीसारखा दिसतो. मावसोबांनी ते चित्र बराच वेळ पाहिले व “कुणाचा आहे?” असे विचारले, तेव्हा “कानावरून ओळखा” असे उत्तर देणे औचित्याला धरून नव्हते, हे आता मान्य करण्यास हरकत नाही.

येथे परिभाषेचा एक प्रश्न उपस्थित होतो, आणि तो उपस्थित करणारी माणसे ही या क्षेत्रातील स्वतंत्र आपत्ती आहे. काटेकोर अर्थाने टेलिफोटो हे लांब लेन्सचे सरसकट नाव नसून एका विशिष्ट रचनेचे नाव आहे. लेन्सच्या मागच्या बाजूस प्रकाश पसरवणारे अंतर्वक्र भिंग बसवले, तर लेन्सची प्रत्यक्ष लांबी तिच्या नाभीय अंतरापेक्षा कमी ठेवता येते. ही युक्ती १८९१ साली लंडनच्या थॉमस डालमायर यांनी आणि जर्मनीत मीटे व स्टाइनहाइल यांनी जवळजवळ एकाच वेळी शोधून काढली. लाइट्झची १३.५ सेंटिमीटरची हेक्टर, जी या लेखाची नायिका आहे, तीत असले मागचे भिंग नाही, सबब ती टेलिफोटो नसून निव्वळ लांब आहे. एवढ्या माहितीवर कोणताही सुज्ञ मनुष्य गप्प बसेल. हेक्टरचा मालक बसत नाही. घरी आलेल्या पाहुण्याने कौतुकाने “वा, टेलिफोटो वाटतं!” असे म्हटले, की लगेच “टेलिफोटो नाही” असे उत्तर येते, पाहुण्याने “मग?” विचारले की “लाँग फोकस”, आणि बेसावधपणे “म्हणजे फरक काय?” असे विचारणाऱ्या पाहुण्याचा चहा त्याच्यासमोर पूर्णपणे निवतो. असे पाहुणे पुढच्या वेळी फाटकातूनच निरोप सांगून जातात.

हेक्टर या नावाचा ट्रॉयच्या योद्ध्याशी संबंध असावा असा अनेकांचा तर्क असतो. परंतु लायकाच्या सुरुवातीच्या लेन्सचे गणित मांडणारे माक्स बेरेक यांच्या कुत्र्याचे नाव हेक्टर होते आणि तेच या लेन्सला दिले गेले, असे लायकाप्रेमींच्या परंपरेत सांगितले जाते. बेरेकांच्या दुसऱ्या कुत्र्याचे नाव रेक्स असल्याने पुढे समारेक्स नावाची लेन्सही आली, असे हीच परंपरा सांगते. एखाद्या मराठी भिंगतज्ज्ञाने हाच मार्ग चोखाळला असता तर आज जगभरातील संग्राहक ‘मोत्या १३.५’च्या स्वच्छ नगासाठी लिलावात बोली लावताना दिसले असते. कुत्र्याचे नाव या लेन्सला शोभते हेही खरे, कारण लांब फेकलेली वस्तू जवळ आणून देणे हे दोघांचे विहित कर्तव्य आहे. फरक एवढाच की कुत्रा ते पाहिल्याबरोबर करतो आणि हेक्टरला त्याआधी बरीच तयारी लागते.

ही तयारी सविस्तर पाहण्याजोगी आहे. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खिडकीत पन्नास मि.मी. लेन्सला दिसते तेवढे दृश्य दिसते, आणि १३५ मि.मी.ची लेन्स त्यातला केवळ सातवा हिस्सा टिपते. तो हिस्सा नेमका कोणता, हे कळण्यासाठी कॅमेऱ्याच्या डोक्यावर आणखी एक दृश्यदर्शक खोचावा लागतो. लाइट्झने अशा प्रत्येक उपकरणाला तारेने मागणी नोंदवणे सोपे जावे म्हणून रोमन लिपीतले पाच अक्षरी सांकेतिक नाव दिले होते. हेक्टर लेन्स ‘हेफार’, तिचा दृश्यदर्शक ‘शूक’, आरशाची पेटी ‘प्लूट’, आणि सर्व लेन्सना चालणारा सामाईक दृश्यदर्शक ‘व्हिडोम’. तारेची सोय जाऊन जमाना लोटला, पण नावे टिकून आहेत, आणि रात्री साडेदहा वाजता दबक्या आवाजात “प्लूट सापडला, पण शूकवाला फार मागतोय” असे फोनवर बोलणाऱ्या नवऱ्याबद्दल घरात काय काय तर्क केले जातात याची त्या नवऱ्याला कल्पना नसते.

प्रस्तुत लेखकाच्या संग्रही व्हिडोम आहे. या दृश्यदर्शकाचे वैशिष्ट्य असे की त्यात चित्र सरळ दिसते पण डावे-उजवे उलटे दिसते, म्हणजे आरशात दिसते तसे. नदीकाठच्या तारेवर बसलेल्या खंड्याचे छायाचित्र या साधनांनी घ्यायचे असल्यास कृती पुढीलप्रमाणे करावी लागते. प्रथम गुंडी फिरवून फिल्म पुढे सरकवायची, कारण ती सरकवल्याशिवाय शटरचा वेग लावता येत नाही. मग वेग लावायचा. मग वेगळ्या प्रकाशमापकाने उजेड मोजून लेन्सचे छिद्र ठरवायचे. मग अंतरमापकाच्या बारक्या खिडकीला डोळा लावून दोन खंड्यांचा एक खंड्या करायचा. मग डोळा तेथून उचलून डोक्यावरच्या व्हिडोमला लावायचा, त्याचे कडे १३.५ या आकड्यावर आहे ना ते पाहायचे. आणि दृश्यदर्शक लेन्सच्या वर असल्याने जवळच्या वस्तूंचे डोके छाटले जाऊ नये म्हणून त्याची छोटी कळ अंतराच्या आकड्यावर आणायची. एवढे होईपर्यंत खंड्या तारेवर असेल तर तो खंड्या नसून बहुधा पतंगाचा फाटका कागद असतो. खरा खंड्या असलाच तर तो याच क्षणी डावीकडे उडतो, व्हिडोममध्ये उजवीकडे उडताना दिसतो, आणि त्याच्यामागोमाग कॅमेरा वळवणारा छायाचित्रकार दर क्षणी त्याच्यापासून दुप्पट वेगाने दूर जातो. लेखकाच्या संग्रहात अशा प्रकारे टिपलेली रिकाम्या आकाशाची अकरा छायाचित्रे असून त्यांतील दोन उत्तम आहेत.

या अडचणी निर्मात्यांना ठाऊक नव्हत्या असे नाही. १९३५ साली लाइट्झने उपरोक्त प्लूट आणला, जो कॅमेरा व लेन्स यांच्या मध्ये बसवला की आतील आरशामुळे थेट लेन्समधूनच पाहता येई. म्हणजे रेंजफाइंडर विकत घेतल्यावर तो रेंजफाइंडर राहू नये म्हणून वेगळे पैसे भरण्याची ही सोय होती. १९५४ च्या लायका एम-३ मध्ये १३५ मि.मी.ची चौकट खिडकीतच उजळलेल्या रेघांनी दाखवण्यात आली, पण ती इतकी लहान की समोरची वरात त्या चौकटीत टपाल तिकिटावरच्या मिरवणुकीसारखी दिसे. १९६३ साली तर १३५ मि.मी.च्या एल्मारिट या लेन्सला चक्क चष्मा लावण्यात आला. लेन्स बसवली की दोन भिंगांची ही जोडी कॅमेऱ्याच्या झरोक्यांसमोर येते आणि दृश्य दीडपट मोठे करून दाखवते. हे ध्यान खुद्द कॅमेऱ्यापेक्षा जड आहे आणि गळ्यात अडकवून निघालेला मनुष्य मान पुढे काढून चालतो. चाळिशी लागलेल्या मालकाने चाळिशी लागलेल्या कॅमेऱ्यातून पाहावे, यात वयोपरत्वे एक सुसंगती मात्र आहे.

याहून गहन प्रकरण पत्रिका जुळवण्याचे आहे. जपानच्या निप्पॉन कोगाकू कंपनीने १९४८ साली आपला पहिला निकॉन कॅमेरा काढला तेव्हा लेन्स बसवण्याचे तोंड काँटॅक्सप्रमाणे ठेवले, त्यामुळे काँटॅक्सची लेन्स निकॉनवर खट्कन बसते, आणि बसली म्हणजे जमले असे वधुवरांच्या आईबापांना वाटते तसेच मालकालाही वाटते. प्रत्यक्षात काँटॅक्सचा अंतरमापक ५२.४ मि.मी. हे नाभीय अंतर प्रमाण मानून चालतो आणि निकॉनचा लायकाप्रमाणे ५१.६ मि.मी. फरक ०.८ मि.मी.चा, म्हणजे एका पोह्याच्या जाडीचा. रुंद दृश्याच्या लेन्समध्ये स्पष्टतेचा पट्टा ऐसपैस असल्यामुळे हा फरक खपून जातो. लांब लेन्समध्ये, विशेषतः जवळच्या वस्तूवर, तोच एक पोहा आडवा येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर येना येथील झाइसची यंत्रसामग्री नुकसानभरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेली, १९४७ पासून कीव शहरात काँटॅक्सचाच अवतार ‘कीव’ नावाने तयार होऊ लागला, आणि झाइसच्या झोनार लेन्सचा वंश ज्युपिटर नावाने पुढे चालला. १३५ मि.मी.ची ज्युपिटर-११ लायकाच्या आट्यांतही मिळते, पण आटे लायकाचे आणि कुलाचार काँटॅक्सचा, अशी ही सून असल्याने सासरी ती दिसायला रुळते आणि फोकस माहेरीच ठेवते. छत्तीस गुण जुळले म्हणून हौसेने घेतलेल्या जोडीने छत्तीस फोटोंचा अख्खा रोल पाण्यात घातल्याची उदाहरणे शोधण्यास फार हिंडावे लागत नाही.

इतके असूनही माणसे या लेन्स का घेतात, याचे उत्तर पुराणकथांत आहे. १९५० साली ‘लाइफ’ नियतकालिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. जून मिकी या तरुण जपानी छायाचित्रकाराने ८.५ सेंटिमीटरच्या निक्कोर लेन्सने काढलेले स्वतःचे छायाचित्र पाहून ते इतके चकित झाले की त्यांनी निप्पॉन कोगाकूचा कारखाना गाठला, त्या लेन्स आपल्या लायकांवर चढवल्या, आणि थोड्याच दिवसांत जून महिन्याच्या अखेरीस कोरियाचे युद्ध सुरू झाले तेव्हा ते त्याच लेन्स घेऊन रणांगणावर उतरले. तेथून आलेल्या छायाचित्रांचा रेखीवपणा पाहून अमेरिकेतील संपादक थक्क झाले आणि जपानी भिंगांचे नाव जगभर झाले. ही कथा खरी आहे, आणि तिचा संग्राहकाच्या मनावर होणारा परिणामही खरा आहे: गोळ्यांच्या वर्षावात जी लेन्स चालली ती सोसायटीच्या गणेशोत्सवात चालणार नाही, हे त्याच्या बुद्धीला पटत नाही. डंकन आणि आपण यांच्यात लेन्सखेरीज आणखी काही फरक असू शकेल, ही शक्यता तो हिशेबातच धरत नाही.

खरेदी पुण्याच्या जुन्या बाजारात, जो बुधवारी व रविवारी भरतो, किंवा मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर होते. विक्रेता मितभाषी असतो. “काय आहे हे?” असे विचारले असता “जर्मन” असे उत्तर मिळते. “चालते का?” या प्रश्नालाही “जर्मन आहे साहेब” हेच उत्तर मिळते, आणि मोठ्या अनुभवांती लक्षात येते की ते पहिल्या प्रश्नापेक्षा दुसऱ्याचे उत्तर म्हणून अधिक प्रामाणिक होते. हेक्टरचा पुढचा काचेचा भाग आट्यांनी सुटा होऊन आरशाच्या पेटीवर लावता येतो, या सोयीमुळे बाजारात कित्येकदा नुसते डोके विकायला येते किंवा नुसते धड. प्रस्तुत लेखकाने डोके एका रविवारी घेतले आणि धड सात महिन्यांनी, व या काळात डोक्याचा उपयोग पेपरवेट म्हणून झाला. खरेदीची किंमत घरी सांगताना शेवटचे शून्य गाळण्याचा प्रघात आहे. त्यातील धोका असा की एखाद्या दिवाळीत आवराआवर करताना पत्नी “अहो, दोनशेलाच आणलेलं ना, देऊन टाकलं भंगारवाल्याला, त्याने अडीचशे दिले” असे आनंदाने सांगू शकते. लेखकाच्या एका स्नेह्यावर हा प्रसंग ओढवला असून त्याला आजही त्या नफ्याबद्दल घरात समाधान व्यक्त करावे लागते.

लेन्स घरी आल्यावर तिचे कडे फिरत नाही, कारण आतील मळसूत्री आट्यांमधले साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे ग्रीस एव्हाना गुळाच्या ढेपेसारखे झालेले असते. जोर लावून फिरवावे तर लेन्स फिरण्याऐवजी कॅमेऱ्यातूनच सुटून येते, कारण तीही आट्यांवरच बसवलेली असते. आणि मग पावसाळा येतो. हवेतील आर्द्रता बरेच दिवस साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की काचेवर बुरशी धरते. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर ती त्याखाली फारशी उतरतच नाही, सबब वेट्झलारच्या थंड हवेसाठी घासलेल्या भिंगावर श्रावणापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक नक्षी उमटते. ती वेळेत पुसली नाही तर काचेवरचा लेप खाते आणि मग ती नक्षी कायमची होते. यावर उपाय म्हणून श्रीमंत संग्राहक विजेवर चालणारे शुष्क कपाट घेतात, ज्यात माणसांना कधीच न लाभणारे हवामान लेन्सला बारा महिने मिळते. मध्यमवर्गीय संग्राहक तांदळाचा डबा वापरतो. तांदूळ ओल शोषतो ही समजूत एका मर्यादेपर्यंत ठीक आहे, परंतु तांदळात आणखी कोण राहते याचा विचार त्यात केलेला नसतो.

“अहो, तांदळात हे काय?”

“हेक्टर.”

“आणि हेक्टरमध्ये हे काय चालतंय?”

तो टोका होता. मागची टोपी नसलेल्या लेन्समध्ये शिरून तो मधल्या भिंगापर्यंत पोहोचला होता आणि तेथे त्याने, बुरशीच्या नक्षीच्या पार्श्वभूमीवर, एकंदरीत समाधानाने बस्तान बसवलेले दिसत होते. त्यानंतरच्या आठवड्यात भातात खडा लागला की घरातले सर्वजण प्रथम लेखकाकडे पाहत असत.

टोका निघाला, ग्रीस बदलले, बुरशी बव्हंशी गेली, तरी चित्रे धूसर येतच राहिली. लेन्स दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क कारागिराने ती भिंगाखाली धरून पाहिली आणि “लेन्स कांचन आहे, तुमचा कॅमेरा पुढे मारतोय” असे सांगितले. कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या दुसऱ्या कारागिराने कॅमेरा उघडला, बंद केला, पैसे घेतले आणि “बॉडी ओके आहे, लेन्स मागे मारतेय” असा निर्वाळा दिला. एक पुढे आणि एक मागे मारत असेल तर दोहोंची बेरीज शून्य होऊन चित्र स्पष्ट यायला हवे, असा गणिती युक्तिवाद लेखकाने दोघांपुढे स्वतंत्रपणे मांडला. पहिल्याने पाणी विचारले व दुसऱ्याने दुकानाची फळी लावली. प्रत्येक शंका तपासण्यास छत्तीस चित्रांचा एक रोल, तो धुण्याचा खर्च आणि आठ दिवसांचा विलंब लागत असल्याने हे संशोधन वर्षभर चालले व त्याचे निष्कर्ष सर्वच धूसर होते.

या वादाचा निकाल अखेर अनपेक्षित दिशेने लागला. उन्हाने उरलीसुरली बुरशी मरते, असा संग्राहकांत दृढ समज आहे. त्यानुसार मे महिन्याच्या मध्यावर, लेखकाच्या मातोश्रींनी गच्चीवर जुन्या लुगड्यावर नाचणीचे पापड वाळत घातले असताना, त्यांच्याच एका कोपऱ्यात हेक्टर उभी करण्यात आली. खालून हवा खेळावी म्हणून तिच्या बुडाशी दोन बाजूंना दोन-दोन रिकाम्या काडेपेट्या एकीवर एक रचून आधार दिला होता, दोन्ही टोप्या काढल्या होत्या, आणि कडे अनंताच्या खुणेवर होते, जिला मातोश्री आडवा आठ म्हणतात. लायकाच्या आट्यांच्या लेन्समध्ये लेन्सचे बूड ते फिल्म हे अंतर २८.८ मि.मी. असते. दोन काडेपेट्यांची जाडी मिळून जवळपास तेवढीच भरते, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही. त्या दिवसांत महाराष्ट्राच्या या पट्ट्यात सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो, हीदेखील नाही. फिल्मच्या नेमक्या जागी नाचणीचा काळसर पापड होता.

पाऊण तासाने मातोश्रींनी खाली हाक मारली.

“अरे, तुझं ते भिंग पापड लिहितंय!”

पापडावर सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, काठ कोरल्यासारखी स्वच्छ, काळी रेघ उमटली होती, आणि तिच्या टोकाशी धुराचा बारीक धागा अजून निघत होता. सूर्य सरकला तशी रेघ सरकली होती. १३५ मि.मी.च्या लेन्सने उमटणारी सूर्यप्रतिमा सव्वा मि.मी. रुंदीची असते, लेखकाने पट्टी आणून मोजले तेव्हा रेघेची रुंदी दीडच्या आत भरली. म्हणजे हेक्टर अनंतावर बरोबर लागत होती, पहिल्या कारागिराने खरे सांगितले होते, आणि वर्षभर जिच्यावर संशय घेतला त्या लेन्सने आपल्या आयुष्यातील सर्वात रेखीव चित्र मालकाच्या अनुपस्थितीत, कॅमेऱ्याविना, पापडावर काढून दाखवले होते.

“म्हणजे भिंग चांगलं आहे,” मातोश्री म्हणाल्या. “तू डोळे कधी तपासलेस?”

पुढील सोमवारी तपासणी झाली आणि अंतरमापकाला लावण्यात येणाऱ्या उजव्या डोळ्याचा नंबर दीडने वाढल्याचे निष्पन्न झाले. कॅमेऱ्याचा कारागीरही त्यामुळे आपोआप निर्दोष ठरला, ही बाब त्याला कळवण्याचे मात्र राहून गेले आहे. तो पापड तळू दिला गेला नाही. तो हेक्टरशेजारी पंचाच्या तुकड्यात जपून ठेवला असून, जे थोडे पाहुणे अद्याप येतात त्यांना चहाबरोबर दाखवला जातो. पाहुणे तो हातात घेतात, उजेडाकडे धरतात, रेघेवरून बोट फिरवतात.

“हे कशानं काढलंत?”

“हेक्टरनं. साडेतेरा सेंटिमीटर.”

“अच्छा, म्हणजे टेलिफोटो!”

“टेलिफोटो नाही.”